चौकोनी बाटल्या आणि गटारीची बिअर : एक प्रकरण

ही हकिगत जर्मनीतल्या, स्टुटगार्टजवळच्या एका गावातली. बिअर घरी केलेली, माणसं मराठी. नावं देत नाही; ज्यांच्या घरी हे घडलं त्यांना मी एरवीही दादा आणि वहिनीच म्हणतो, तेच इथे ठेवतो. मी त्यांचा शेजारच्या गावातला मित्र आणि या प्रकरणात अर्धा आरोपी, कारण बाटल्या भरताना हातात नळी माझ्या होती.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर करणं १९४९ च्या दारूबंदी कायद्यात बसत नाही. जर्मनीत स्वतःपुरती, न विकता आणि ठरलेल्या मर्यादेत केलेली चालते. त्यामुळे पुण्यात बसून वाचणाऱ्यांनी हे माहिती म्हणून वाचावं.

पार्श्वभूमी

दादा तीन वर्षं बिअर करतोय. सुरुवातीला पाच-पाच लिटर करायचा आणि पहिल्या दोन खेपा प्लास्टिकच्या सोड्याच्या बाटल्यांत भरल्या होत्या. २०२५ च्या जूनमध्ये त्याने मोठं भांडं घेतलं आणि एकदम २२ लिटरचा बेत केला. निमित्त गटारी. अमावास्या २४ जुलैला, गुरुवारी होती. आपल्या मंडळींचं जेवण त्याआधीच्या शनिवारी, १९ तारखेला ठरलं. बिअरचा प्रकार गव्हाची, म्हणजे वाइत्सेन. दक्षिण जर्मनीत राहायचं आणि वाइत्सेन करायची नाही, हे त्याला पटत नव्हतं.

आता ही वाइत्सेन जरा नाठाळ. साध्या पिल्सनरमध्ये लिटरमागे ५ ग्रॅमच्या आसपास कर्बवायू विरघळलेला असतो. वाइत्सेनला ७ ग्रॅम लागतो, नाहीतर तो फेसाचा मनोरा उभा राहत नाही. घरी हा वायू सिलिंडरने भरत नाहीत. आंबवण संपलेल्या बिअरमध्ये मोजून साखर घालायची, बाटली बंद करायची, आणि उरलेलं यीस्ट ती साखर खाऊन बाटलीतच वायू करतं. एक ग्रॅम साखरेतून साधारण अर्धा ग्रॅम वायू. लिटरमागे दोनेक ग्रॅम आंबवणातूनच आधी विरघळलेला असतो, उरलेला असा करायचा. बाहेर जायला वाट नसते, म्हणून तो बिअरमध्ये मुरतो आणि बाटलीत दाब चढतो. २० अंश तापमानाला पिल्सनरच्या बाटलीत सुमारे २ बार, म्हणजे गाडीच्या टायरच्या जवळपास. वाइत्सेनच्या बाटलीत ३ बार.

म्हणजे बाटली हे नुसतं साठवायचं भांडं राहत नाही. पुढचे तीन आठवडे ती कुकर असते, आणि या कुकरला शिट्टी नसते.

अडचण

२१ जूनला, शनिवारी, बिअर उकळून यीस्ट टाकलं. १९ जुलैला ती प्यायची, बाटलीत मुरायला किमान अडीच-तीन आठवडे हवेत, म्हणून रविवारी २९ जूनला बाटल्या भरायच्या हे कॅलेंडर उलटं मोजून ठरलं. यीस्टला कुणी विचारलं नाही.

रविवारी सकाळी मी पोचलो तेव्हा स्वयंपाकघरात बाटल्यांची रांग लागली होती. मोजल्या तर २८. तळाचा गाळ सोडून उरणाऱ्या वीस लिटर बिअरला अर्ध्या लिटरच्या ४० लागतात. दादाच्या हिशेबात तळघरात आणखी एक खोकं होतं; ते वहिनींनी आठवड्यापूर्वीच दुकानात परत करून डिपॉझिट आणलं होतं. त्यांची काही चूक नव्हती, इथे रिकाम्या बाटल्या परत करणं म्हणजे घरातला केर काढण्याइतकं सवयीचं काम. पण रविवारी जर्मनीत दुकानं बंद. बारा बाटल्यांची तूट, भांड्यात बिअर तयार, आणि तिघेही हात धुऊन उभे.

पर्याय

त्या टेबलावर काय काय होतं आणि काय असू शकलं असतं, ते सविस्तर सांगतो, कारण बाटली निवडायचा सगळा प्रश्न तिथेच आहे.

हातातल्या २८ पैकी १६ कडीच्या होत्या: चिनीमातीचं बूच, त्याला रबरी चकती आणि तारेची कडी. इथे अशा बाटलीला ब्यूगेलफ्लाशे म्हणतात. जर्मनीत राहणाऱ्याला ही सर्वांत सोयीची. कडीच्या बाटलीतली बिअर विकत घ्यायची, प्यायची आणि बाटली ठेवून द्यायची. डिपॉझिट १५ सेंट. हीच नवी कोरी रिकामी घ्यायला गेलं तर दीड-दोन युरो पडतात. झाकण लावायला यंत्र लागत नाही, रबर खराब झालं तर काही सेंटात बदलता येतं, आणि दाब फार वाढलाय असं वाटलं तर कडी जराशी उघडून वायू सोडून पुन्हा बंद करता येते. हा शेवटचा गुण किती मोलाचा आहे ते आम्हाला पाच दिवसांनी कळणार होतं. दोष एकच, पण चोरटा: रबर जुनं होऊन कडक झालं की बाटली दिसायला बंद असते आणि बिअर सपक निघते.

उरलेल्या १२ पत्र्याच्या झाकणाच्या, अर्ध्या लिटरच्या, फिरत्या बाटल्या. ह्यांचं डिपॉझिट ८ सेंट. झाकण बसवायचं हाताचं यंत्र दादाकडे होतं. या बाटल्या भंगारात जात नाहीत. धुऊन, तपासून पुन्हा भरल्या जातात, एकेक बाटली कित्येक वर्षं फिरते. २०१८ च्या कडक उन्हाळ्यात बिअरचा खप एवढा वाढला की इथल्या ब्रुअरींना रिकाम्या बाटल्याच मिळेनात आणि त्यांनी लोकांना ‘घरात अडकवून ठेवलेल्या आणून द्या’ अशी विनवणी केली होती. फिरती बाटली ओळखायची खूण मला फार आवडते. ती उजेडात धरली की खांद्यावर आणि बुडाच्या वर एक पांढरट, खरखरीत पट्टा दिसतो. भरण्याच्या पट्ट्यावर शेजारच्या बाटलीला घासून घासून झालेला. नव्या सुनेच्या हातात जुनं पातेलं यावं तशी ती दिसते, पण वापरलेली आणि टिकलेली. अर्थात पट्टा फार खोल असेल किंवा ओठाला कपची गेली असेल तर ती बाटली बाद.

घरात आणखी दोन प्रकार होते. कपाटावर सहा चौकोनी, पांढऱ्या काचेच्या, कडीच्या बाटल्या. घरसजावटीच्या दुकानातून सरबतासाठी आणलेल्या. आणि बाल्कनीत ३३० मिलीलिटरच्या नऊ बाटल्या, परदेशी बिअरच्या, एकदाच वापरायच्या, पातळ काचेच्या.

चौकोनी बाटलीचं दुखणं तिच्या आकारातच असतं. गोल बाटलीत दाब सगळ्या बाजूंनी सारखा वाटला जातो. सपाट बाजूला दाब बाहेर फुगवू पाहतो आणि ताण येतो तो कोपऱ्यांवर. सरबताला, तेलाला, रमला हे चालतं, कारण आत दाबच नसतो. पण कडी दिसली की डोळ्यांना ती बिअरचीच बाटली वाटते. आम्हाला वाटलीच.

न सुचलेले पर्यायही सांगतो. बिअर भांड्यातच आणखी चार-पाच दिवस राहू शकली असती. तिचं काही बिघडत नव्हतं. २८ बाटल्या भरून उरलेली ओतून देता आली असती. किंवा सोड्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या: दाब सोसायलाच केलेल्या, हाताने दाबून पाहिलं की आत किती वायू झालाय ते कळतं, फुटल्या तरी काचा नाहीत. प्लास्टिकमधून हळूहळू हवा आत शिरते, ओरखड्यांत जंतू राहतात, उकळतं पाणी चालत नाही, हे सगळं खरं. पण तीन आठवड्यांत प्यायच्या बिअरला ह्यातलं काहीच आड येत नव्हतं. खालच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे त्या नक्की मिळाल्या असत्या. एक बेल वाजवायची होती.

काय केलं

दादा म्हणाला, “अरे, कडी आहे, रबर आहे, अजून काय पाहिजे?” मी म्हणालो, “बघ बाबा.” माझ्या ‘बघ बाबा’मध्ये शंका होती, पण ती शंका मी बोलून दाखवली नाही. वहिनींनी विचारलं होतं, “ह्या फुटणार नाहीत ना?” त्यावर दोघांनी एकाच वेळी ‘छे’ म्हटलं.

आंबवण संपलंय का हे पाहायला घनतामापक एकदाच बुडवला. बिअरमध्ये साखर साधारण किती टक्के उरली ते तो दाखवतो. सुरुवातीला आकडा १२.५ होता, आता ३.६. दादाच्या वहीत अपेक्षित आकडा ‘३ च्या आसपास’ लिहिलेला. आम्ही ‘आसपास’ या शब्दाचा आधार घेतला. खरं तर आकडा सलग तीन दिवस तोच आला पाहिजे, तरच आंबवण थांबलं असं म्हणतात.

मग साखर. चमचा मोजून घेतला होता: सपाट भरला की ५ ग्रॅम. अर्ध्या लिटरच्या बाटलीला एक चमचा, म्हणजे लिटरमागे १० ग्रॅम, वाइत्सेनला बरोबर. पण हात एकदा चालू लागला की थांबत नाही. ३३० मिलीच्या बाटल्यांतही तोच चमचा, तेवढाच. तिथे लिटरमागे १५ ग्रॅम झाली. हे भरताना तिघांपैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही. रात्री गाडी चालवताना माझ्या आलं, आणि ‘जरा जास्त फेस येईल’ म्हणून मी गप्प बसलो.

४३ बाटल्या तळघराच्या खोलीत, लाकडी फळीवर ठेवल्या.

त्या आठवड्यात जर्मनीत उष्णतेची लाट आली. २ जुलैला बऱ्याच ठिकाणी पारा ३५ च्या वर गेला. एरवी १८ अंशांवर असणारं तळघर २४ वर पोचलं. शुक्रवारी, ४ जुलैला रात्री साडेअकराला खालून आवाज आला. दादा सांगतो, सुतळी बॉम्ब नव्हे, पण लक्ष्मी तोट्याहून मोठा. तो दार उघडून खाली जातोय तोवर दुसरा.

इथे त्याने एक गोष्ट शहाण्यासारखी केली: आत गेला नाही. पहिल्या मजल्यावरच्या सत्तरीतल्या आजीबाई झोपेच्या गाऊनमध्ये जिन्यात उभ्या होत्या. त्या दर उन्हाळ्यात फळं बरणीत भरणाऱ्या. वास घेऊन त्यांनी ओळखलं. त्यांनी एवढंच विचारलं, “बाटल्या कुठल्या?” आणि चौकोनी म्हटल्यावर कपाळाला हात लावला.

सकाळी मी गेलो. तोवर आणखी तीन आवाज झाले होते. दादाने थंडीतलं जाड जाकीट, बर्फावर घसरायला जातात तेव्हाचा गॉगल, सायकलचं हेल्मेट आणि चामड्याचे हातमोजे चढवले. जुलैच्या उकाड्यात तो ध्यान दिसत होता, पण हसायला कुणी आलं नाही. आधी दारातून जाड गोधडी फळीवर टाकली, त्यावर ओले टॉवेल, आणि खिडकी उघडून खोली दिवसभर गार होऊ दिली. बिअर गार झाली की वायू तिच्यात जास्त मुरतो आणि दाब उतरतो. गरम बाटली उचलणं हाच खरा धोका. संध्याकाळी कडीच्या गोल बाटल्या एकेक करून टॉवेलखाली फुसफुसवल्या. पत्र्याच्या झाकणाखाली ओपनर घालून झाकण किंचित उचललं, वायू गेला, मग नवं झाकण बसवलं. हे दोन दिवसांत तीनदा. उरलेल्या चौकोनी बाटल्या तिथेच उघडून ओतून दिल्या, छोट्याही.

निष्पत्ती

हिशेब असा. चौकोनी सहांपैकी दोन फुटल्या. छोट्या एकेरी नऊंपैकी तीन. फिरत्या गोल २८ पैकी एकही नाही.

ह्यावरून ‘चौकोनी वाईट, फिरती चांगली’ म्हणून मोकळं होता येईल, पण ते अर्धंच आहे. ओतून दिलेल्या बिअरमधली थोडी आम्ही उबेत उघडी ठेवली, ढवळत राहिलो, आकडा उतरून २.८ वर थांबला. म्हणजे भरताना अजून ०.८ एवढं आंबवण बाकी होतं. कागदावर मांडलं तर त्यातूनच लिटरमागे सुमारे ३ ग्रॅम जादा वायू झाला. अर्ध्या लिटरच्या बाटल्यांत ७ च्या जागी १०, आणि २४ अंशांना साडेपाच बारच्या घरात दाब. छोट्या बाटल्यांत साखरही दीडपट, म्हणजे त्याहून कितीतरी वर. म्हणून पातळ काचेला दोष देताना मी जरा सावध आहे. तिच्यावर दुप्पट अन्याय झाला होता. चौकोनी बाटल्यांत मात्र साखर बरोबर होती, बिअर तीच होती, फळी तीच होती. तिथे निकाल स्वच्छ आहे.

आणि फिरत्या बाटल्या वाचल्या म्हणजे आमचं बरोबर होतं असंही नाही. त्यांनी आमची चूक सोसली. पुढच्या वेळी, थोड्या खोल ओरखड्याच्या एखाद्या बाटलीने सोसली नसती.

१९ तारखेला बिअर प्यायली गेली. प्रत्येक बाटली आधी रात्रभर फ्रीजमध्ये, मग मोठ्या जगमध्ये ओतायची, फेस बसेपर्यंत थांबायचं. चवीला केळ्याचा वास उत्तम उतरला होता. मटण संपलं, तरी जग भरलेला होता, कारण निम्मे लोक फेसाला घाबरत होते.

पुढे काय बदललं

ऑगस्टमध्ये दादा पेयांच्या दुकानात गेला आणि कडीच्या रिकाम्या बाटल्यांचे दोन क्रेट नुसत्या डिपॉझिटवर मिळतील का असं विचारलं. दुकानदाराने दिले. वीस बाटल्यांचे ३ युरो आणि क्रेटचे दीड. दोन क्रेट ९ युरोला. हा पर्याय जूनमध्येही होता. चाळीस बाटल्या बिअर आधी पिऊन संपवायची गरज नव्हती, हे त्याला थोडं लागलंच.

त्या चाळीस बाटल्या धुवायला आम्हाला एक अख्खा शनिवार लागला आणि बाटली निवडण्याबद्दल मला सगळ्यात जास्त त्या शनिवारी कळलं. टबमध्ये गरम पाणी आणि धुण्याचा सोडा टाकून रात्रभर भिजवल्या; लेबलं सकाळी आपोआप तरंगत होती. मग एकेक बाटली खिडकीकडे तोंड करून, बुडातून डोळा लावून पाहायची. सहा बाटल्यांच्या बुडाला काळपट कडं दिसलं, बुरशीचं. कुणीतरी पिऊन न विसळता ठेवून दिलेल्या. ब्रशने चार निघाल्या, दोन काही केल्या निघेनात. त्या परत केल्या. ओठावरून बोट फिरवताना एका बाटलीला नखात अडकेल अशी कपची लागली, ती काचेच्या पेटीत. रबरं सगळी बदलली. काचेच्या भांड्यांचं चकचकीत करणारं द्रव्य घालून डिशवॉशरमध्ये धुवू नये, फेस मरतो, हे वहिनींनी आम्हाला सांगितलं; ते त्यांना कुठून कळलं ते विचारायचं राहून गेलं.

सप्टेंबरमध्ये पुन्हा वाइत्सेन. या वेळी बाटल्या सगळ्या एका मापाच्या, एका प्रकारच्या. चमचा बाद. साखर पाण्यात उकळून सगळ्या बिअरमध्ये एकदम मिसळली. आणि एका बाटलीवर कडीच्या जागी मॅनोमीटर, म्हणजे दाब दाखवणारं यंत्र, बसवला. २०-२५ युरोची वस्तू, घड्याळासारखा काटा. दादा रोज ऑफिसला जाताना तळघरात डोकावायचा. काटा दोन आठवड्यांत चढत चढत ३ वर आला आणि तिथेच राहिला. ३९ बाटल्यांपैकी एक सपक निघाली: तिचं रबर उलटं बसलं होतं, बहुधा मीच बसवलेलं.

आज करायचं झालं तर

मला विचाराल तर निर्णयाची खरी जागा ‘कुठली बाटली’ ही नव्हती. ती होती रविवारी सकाळी बाटल्या मोजल्या आणि २८ च निघाल्या तो क्षण. तिथे थांबलो असतो तर आंबवण पुरं झालं असतं आणि बाटल्याही सोमवारी मिळाल्या असत्या. एका थांबण्यात दोन्ही चुका मिटल्या असत्या. जेवणाची तारीख पक्की होती म्हणून थांबलो नाही. गटारीला बाजारची बिअर चालली असती. कुणी उठून गेलं नसतं.

दादाचं मत वेगळं आहे. तो म्हणतो, मॅनोमीटर पहिल्यापासून असता तर बुधवारीच कळलं असतं आणि वायू सोडून चौकोनी बाटल्यासुद्धा वाचल्या असत्या. मला ते पटत नाही. ३ बारलाही मी त्या भरणार नाही. यावर आमचं अजून एकमत नाही.

वहिनी म्हणतात, तुम्ही दोघांनी ‘छे’ म्हटलंत तिथे चुकलं.

उरलेल्या चार चौकोनी बाटल्यांत आता कोकमाचं आगळ आहे. आजीबाईंना सप्टेंबरची एक बाटली नेऊन दिली होती. आठ दिवसांनी ती दाराशी परत आली, तीनदा विसळलेली, उपडी वाळवलेली, आणि कडीला नवं लाल रबर लावलेलं.